सेफेरिनावहिनींचा शनिवार

आमच्या गावात ईस्टरचा रविवार दरवर्षी सगळ्यांच्या घरी यायचा. सेफेरिनावहिनींच्या घरी मात्र येत नसे. त्यांच्याकडे एकदा त्याच्या आदल्या दिवसाचा शनिवार आला आणि मुक्कामालाच राहिला, चार दिवसांसाठी म्हणून आलेला नवऱ्याचा लांबचा चुलतभाऊ राहतो तसा.

हे कसं झालं ते कळायला आमची पहाटेची भेट माहीत हवी. ईस्टरच्या पहाटे आमच्या इता मोरोती गावात दोन मिरवणुका निघतात. पुरुष कबरस्तानाशेजारच्या छोट्या देवळातून, मरणातून उठलेल्या प्रभूची मूर्ती पालखीत घालून खांद्यावर घेतात. बायका मोठ्या चर्चमधून त्याच्या आईची मूर्ती घेऊन निघतात, आणि तिच्यावर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळी जाळी सोडलेली असते. चौकातल्या आंब्याखाली दोघांची गाठ पडते. मूर्ती एकमेकींपुढे तीनदा लवतात, म्हणजे खालची माणसं लवतात, पण ते कुणी मनावर घेत नाही. मग एक बाई पुढे होऊन आईची जाळी काढते, घंटा वाजतात, फटाके उडतात आणि कुत्री शेतात पळतात.

एवढं पॅराग्वेत सगळीकडे होतं. आमच्या गावचं वेगळेपण त्यापुढचं. आमच्याकडे जाळी काढणारी बाई स्वतःसुद्धा काळ्या जाळीत असते, आणि तिची जाळी तिच्या मुलाने काढायची. तो मुलगा प्रभूच्या पालखीला पुढून उजवा खांदा देत आलेला असतो. हा मान सेफेरिनावहिनींच्या माहेरच्या बायकांचा, आईकडून लेकीकडे आलेला. कधीपासून, ते विचारलं की म्हातारी माणसं हात वर करून टेकडीपलीकडे कुठेतरी दाखवतात.

वहिनींना एकच मुलगा, रोसेन्दो. सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करतो. मी त्याचा धर्मबाप. त्याचा बाप माझा जिवलग मित्र होता, म्हणून त्या माझ्या वहिनी. तर एका वर्षी ईस्टरच्या आठवड्यात रोसेन्दो बसथांब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रोटेस्टंटांची कसली सभा आहे ते बघायला गेला, आणि शनिवारी दुपारी परत आला तो शांत चेहऱ्याने. त्याने आईला सांगितलं की इथून पुढे पवित्र शास्त्रात लिहिलंय तेवढंच करणार, आणि भेट शास्त्रात लिहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पालखीला उजवा खांदा एका भाच्याने दिला. वहिनींनी मूर्तीची जाळी काढली आणि मग त्या स्वतःच्या जाळीत उभ्या राहिल्या. घंटा वाजून थांबल्या. लोक घरी जाऊन न्याहारीला बसले. ऊन आंब्याच्या बुंध्यापर्यंत आलं. मी दोनदा खाकरलो. शेवटी वहिनी जाळीसकट घरी गेल्या.

"भाच्याने काढली असती," मी म्हणालो.

"भाचा म्हणजे मुलगा का, भावजी? मुलगा आला नाही. तो येईपर्यंत शनिवारच म्हणायचा."

आणि त्यांनी तसंच म्हटलं. बरीच वर्षं म्हटलं. जाळीतूनच त्या पीठ मळायच्या, जाळीतूनच मातीच्या भट्टीत चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजायच्या, बाजारात जायच्या. त्यांच्या अंगणात नंतर जन्मलेल्या कोंबड्यांची तर अशी समजूत झाली होती की माणूस गुडघ्यापर्यंत काळाच असतो, आणि मी गेलो की त्या मला भुतासारख्या घाबरायच्या. अंघोळीचं काय, हे गावात कुणी विचारलं नाही. आम्ही सभ्य लोक आहोत.

मला ते घर आवडायचं. तिथे दुपारी गेलं की आवाज खाली बसल्यासारखे वाटायचे. घड्याळ चालायचं, पण कुठे जायची घाई नसल्यासारखं. मेणबत्तीचा, ओल्या मातीचा आणि थंड राखेचा वास. कुणाला तरी नुकतंच पुरून सगळे घरी आलेत आणि उद्या काहीतरी होणार आहे, पण उद्या अजून निघालेला नाही, असं काहीतरी.

रोसेन्दो दुष्ट होता असं कुणी समजू नये. तो रोज सकाळी आईकडे दूध घेऊन यायचा. आमच्याकडच्या कुठल्याही पोरासारखा दारात हात जोडून आशीर्वाद मागायचा, आणि वहिनी जाळीतून हात बाहेर काढून तो द्यायच्या. मग दोघं माते नावाचा पाल्याचा गरम काढा पीत बसायची आणि गायीबद्दल, पावसाबद्दल, कुणाच्या गाडीचा क्लच गेला त्याबद्दल बोलायची. एव्हाना तो त्या शेडमधल्या मंडळीचा पाळक झाला होता. त्याच्या उपदेशाला वहिनी कधी गेल्या नाहीत, पण त्याचा शर्ट इस्त्री करून पाठवायच्या.

असंच चाललं असतं, पण वहिनींचे डोळे गेले. सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही, त्यांच्याही नाही, कारण अंधारातला जाळीचा किती आणि डोळ्यांचा किती याचा हिशेब लागत नव्हता. मग त्या एकदा भट्टीऐवजी कोंबड्यांच्या खुराड्यात चिपा ठेवून आल्या. मी त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. राजधानीतून डोळ्यांचे डॉक्टर येतात, ते वर्षातून एकदाच, ईस्टरनंतरच्या मंगळवारी. डॉक्टर बॅटरी घेऊन जाळीपुढे बराच वेळ वाकले.

"बाई, हे काढल्याशिवाय मला काही दिसत नाही."

"मलाही दिसत नाही, डॉक्टर," वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

कडेकडेने, जाळी न काढता, जे बघता आलं त्यावरून मोतीबिंदू ठरला, दोन्हीकडे. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली तर होईल. "त्यानंतर आणलंत तर मी फक्त त्यांचा हात हातात घेऊन बसेन." ते मी रोसेन्दोला सांगितलं. तो एका मोटरसायकलखाली होता. बराच वेळ तो तिथून बाहेर आला नाही.

म्हणून ते पुढचं वर्ष उजाडलं आणि ईस्टर जवळ आला, तसं सगळं गाव कामाला लागलं.

पहिला प्रयत्न फादर एलादियोंनी केला. ते तेव्हा नवीन होते, राजधानीतून शिकून आलेले, आणि त्यांच्या मिशीचं अजून ठरायचं होतं. त्यांनी आधी मला सांगितलं की रोसेन्दोचं म्हणणं तसं खरं आहे. प्रभू उठल्यावर आईला भेटला असं शुभवर्तमानात कुठेही नाही. पण पुस्तक काही आकाशातून टेबलावर पडलेलं नाही, ते एका घरात लहानाचं मोठं झालं, आणि त्या घराची आठवणसुद्धा पुस्तकाइतकीच ऐकायची असते. मला हे पटलं. मग ते वहिनींकडे गेले आणि म्हणाले की जाळी मुलानेच काढायची ही माणसांनी घातलेली रीत आहे, आणि पुरोहित म्हणून मी तुम्हाला तीतून मोकळं करतो.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुठं लिहिलंय?"

फादर बाहेर आले. मी त्यांना तेरेरेचा, म्हणजे बर्फ घातलेल्या मातेचा, पेला दिला. ते म्हणाले, "डॉन हिलारियो, या घरात दोन प्रोटेस्टंट आहेत. एकीला अजून कळलेलं नाही."

दुसरा प्रयत्न रोसेन्दोने स्वतः केला, आणि मी तिथे होतो. वहिनी पिठात चीज चुरत होत्या. त्याने दुधाची किटली ठेवली, आशीर्वाद घेतला आणि म्हणाला, "आई, इथंच काढतो. आत्ता. काका साक्षीला आहेत."

"इथं, चुलीपाशी? आणि भेट कधी झाली?"

"आई, भेट नाहीच आहे. प्रभू आधी मग्दालिया मरियेला भेटला. पेत्राला भेटला. वाटेने चाललेल्या दोघांना भेटला, शंका काढणाऱ्यालाही भेटला. आईला भेटला असं कुणीच लिहिलेलं नाही."

"नसेल."

"मग?"

"तू रोज सकाळी दूध घेऊन येतोस, ते कुणी लिहून ठेवतं का?"

"ते वेगळं."

"बरं, वेगळं," म्हणत वहिनींनी पिठाचा गोळा उलटा केला.

रोसेन्दोचा हात जाळीच्या कडेपर्यंत गेला होता. ओढली असती तर आली असती. तो मला तेव्हा आवडला, कारण त्याने ओढली नाही. जाताना मला म्हणाला, "खोटं कसं करू, काका? तिच्यासाठी केलं, तर उद्या शेडमध्ये उभा राहून मंडळीला काय वाचून दाखवू?"

तिसरा प्रयत्न पुन्हा फादरांचा. त्यांनी ठरवलं की भेट शास्त्राच्या जवळ आणायची. आधी मग्दालिया मरिया प्रभूला भेटेल, लिहिल्याप्रमाणे, मग आई. म्हणजे निदान पहिलं पान तरी रोसेन्दोला नाकारता येणार नाही. अडचण अशी की आमच्या चर्चमध्ये मग्दालियेची मूर्ती नाही. बाजूच्या वेदीवर सांता लुसिया आहे, डोळ्यांची संत. तिच्या हातातल्या तबकात दोन डोळे आहेत, आणि ते तबकाला पक्के आहेत. तेव्हा त्यावर चंदेरी कागदात गुंडाळलेली मुरंब्याची बरणी ठेवली, मग्दालिया कबरीकडे नेते त्या सुगंधी तेलाची म्हणून, आणि लुसियेचे केस मोकळे सोडले. मूर्ती थोडी गोंधळलेली दिसत होती, पण गोंधळ मग्दालियेलाही शोभतो.

ईस्टरला तीन आठवडे असताना, एका सोमवारी रंगीत तालीम ठेवली. ती एका गल्लीच्या पुढे गेली नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका लुसियेला बरणीसकट ओळखत होत्या. प्रत्येकीने तिला थांबवून पदराला हात लावला आणि आपापल्या डोळ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. वहिनीही बराच वेळ उभ्या होत्या. काय मागितलंत म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, "मागितलं नाही. विचारलं, दुसरीचं नाव घेऊन उभं राहायला कसं वाटतं."

फादरांच्या आग्रहावरून रोसेन्दो बघायला आला होता. त्याने बरणी जरा उचलली.

"फादर, खाली डोळे आहेत."

"आहेत."

"हेही लिहिलेलं नाही," रोसेन्दो म्हणाला. पण त्याने बरणी अगदी हळू, सरळ ठेवली.

आता मी काय केलं तेही सांगतो, कारण गावात त्याचं श्रेय मला देतात आणि ते खरं नाही. मी फक्त सायकलची चेन बसवून घ्यायला गेलो होतो. रोसेन्दो कामाला होता, आणि मागे खिळ्यावर त्याचा उपदेशाचा टाय लटकत होता. ऊन असं होतं की पत्र्यावर सरडा थांबत नव्हता. मी सहज विचारलं, टाय कुठल्या अध्यायात येतो?

तो हसला नाही. विनोद ऐकू येण्याची जी काही सोय असते ती त्याच्यात नाही. वहिनींच्या माहेरी कुणातच नाही. त्याने विचार केला आणि त्या रविवारी टाय न घालता उपदेशाला उभा राहिला. मंडळीला काही केल्या चैन पडेना. बायका पंखे हलवायच्या थांबल्या. एका वृद्ध बंधूने शेवटी सांगितलं की वचन तेच आहे, पाळकबुवा, पण आज ते खालून आल्यासारखं वाटतं. पुढच्या रविवारी त्याने टाय बांधला.

हे सांगायला तो मुद्दाम माझ्याकडे आला. "काका, आमच्या शेडला अजून धड छप्पर नाही. आणि रूढी मात्र येऊन बसली. कधी आली ते मला कळलंच नाही. मी तर दार लावून बसलो होतो."

मी त्याला तेरेरे दिला. तो पुष्कळ वेळ बर्फाकडे बघत बसला.

मग प्रभूच्या मरणाचा शुक्रवार आला. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटत नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही, झाडू मारत नाही. दुपारी गाव पाण्याखाली गेल्यासारखं होतं. मी संत्र्याच्या झाडाखाली झोळीत पडलो होतो. घरच्या बायका कडू संत्र्यांच्या अर्ध्या सालींत मेण ओतत होत्या, संध्याकाळच्या दिव्यांसाठी, आणि तो वास झोपेत मिसळत होता. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि वाचू लागलं. रोसेन्दोचा आवाज होता. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्याला थांबावं लागलं असतं.

तो योहानाचं शुभवर्तमान वाचत होता. वधस्तंभावरून प्रभू आपली आई आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली करतो, आणि त्या घटकेपासून शिष्य तिला आपल्या घरी नेतो. एवढं वाचून रोसेन्दोने पान उलटलं. रविवारची पहाट. तोच शिष्य पेत्राबरोबर कबरीकडे पळतो, पुढे जातो, आत वाकून बघतो, आणि त्याला पटतं. मग दोघे आपापल्या घरी परत जातात.

"काका, जागे आहात ना?"

"हं."

"घरी गेले, असं आहे."

"जाणारच. पहाटे उठून पळालेले."

"घरी कोण होतं?"

झोळी हलत होती की झाड, ते मला कळत नव्हतं. मला एक दार दिसलं, अर्धं उघडं, आणि आत अंधारात कुणीतरी बसलेलं. काळं, गुडघ्यापर्यंत. उंबऱ्यावर एक पोरगा धापा टाकत उभा होता आणि त्याला शब्द सापडत नव्हता.

"शुक्रवारीच नेली होती त्याने तिला," मी झोपेतून म्हणालो.

"हेच. दोन्ही लिहिलेलं आहे. एक या पानावर आणि एक त्या. इतकी वर्षं मी ही पानं वाचतोय. उलटताना बोट लावतो आणि पुढे जातो."

"म्हणजे भेट झाली म्हणायची."

"नाही," तो लगेच म्हणाला. "प्रभूची भेट मी म्हणणार नाही. ती लिहिलेली नाही. पण मुलगा घरी आला. आणि आई घरी होती."

"ओळींमधलं वाचायला कधीपासून लागलास?"

"मधलं वाचलं नाही, काका. एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत गेलो फक्त."

मग त्याने आपलं ठरलेलं सांगितलं. पालखीला तो हात लावणार नाही, मूर्तीपुढे लवणार नाही. पण पहाटे कबरस्तानात येईल, आणि तिथून आपल्या पायांनी आईकडे जाईल. मी म्हणालो, वहिनी घरी नसतील, चौकात असतील. यावर पुस्तक मिटल्याचा आवाज आला. चौकात उभ्या असलेल्या बाईला घरी म्हणायचं की नाही, हे त्याने पुढचा अख्खा शनिवार घालवून ठरवलं असावं.

मी वहिनींना काही सांगितलं नाही. मला धास्ती अशी होती की पोरगा येईल, आणि वहिनी म्हणतील, असा नाही, पालखी घेऊन ये.

रविवारी धुकं उतरलं होतं. टेकडी नव्हती, रस्ता नव्हता, छोटं देऊळ अर्धंच होतं. आम्ही पालखी उचलली. डावीकडचा पुढचा खांदा माझा. उठलेल्या प्रभूचा एक हात वर केलेला आहे, आणि पालखी हिंदकळली की तो बस थांबवतोय असं वाटतं. कबरस्तानाच्या फाटकाशी पांढरा शर्ट दिसला. रोसेन्दो आत गेला, बापाच्या थडग्याशी थोडा वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं, आणि पळत सुटला.

मी मागच्याच्या खांद्यावर माझा दांडा दिला आणि रोसेन्दोच्या मागे निघालो. या वयात त्याला पळणं म्हणता येत नाही, पण पेत्रही मागे पडला होता, आणि ते तर लिहिलेलं आहे. पुढे पावलांचा आवाज येत होता, ओल्या लाल मातीवर, मग तोही थांबला.

मी आंब्यापाशी पोचलो तेव्हा रोसेन्दो थोडा अलीकडेच उभा होता. समोर धुक्यात दोन काळ्या आकृत्या होत्या, डोक्यापासून जाळीतल्या. मूर्ती आमची माणसाएवढी आहे आणि बायकांनी ती खाली टेकवली होती. दोन्ही हलत नव्हत्या. ज्या माणसाने मूर्तीशी बोलायचं नाही म्हणून एवढी वर्षं काढली, त्याला आता आपली आई कुठली ते कळत नव्हतं. मूर्ती आणणाऱ्या बायका बाजूला उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनेही बोट दाखवलं नाही.

"आई?" तो म्हणाला.

धुकं तसंच राहिलं. मग डावीकडची आकृती म्हणाली, "कोण?"

"मी. रोसे."

"कुठून आलास?"

"कबरीपासून. पळत."

"मग? काय बघितलंस?"

त्याने सगळं तयार करून आणलं होतं, अध्याय आणि वचनांसकट. त्यातलं एकही त्याने म्हटलं नाही.

"तो तिथं नाहीये, आई."

"ते ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या. "सांगायला कुणी येत नव्हतं."

त्याने जाळीकडे हात नेला. वहिनींनी मनगट धरलं.

"थांब. आधी तिची."

रोसेन्दोचं तोंड उतरलं. प्रभूची पालखी अजून धुक्यात कुठेतरी होती, ती यायची, तीनदा लवायची, मग मूर्तीची जाळी, मग वहिनींची. तोवर त्याने मूर्तीशेजारी उभं राहायचं, ज्या गोष्टीवर तो विश्वास ठेवत नाही तिच्या मधोमध. तो मान खाली घालून उभा राहिला. गेला नाही. मी बघत होतो.

वहिनींना ते दिसलं नसणार. पण मनगट त्यांच्या हातात होतं. त्या थोडा वेळ तशाच राहिल्या, नाडी बघितल्यासारख्या. मग वळल्या, चाचपडत मूर्तीचा खांदा शोधला आणि तिची जाळी ओढून काढली. पालखी आलेली नव्हती. लवणं झालेलं नव्हतं. गावाने असं कधी बघितलेलं नव्हतं. एक म्हातारी पुटपुटली, "डोन्या सेफेरिना, प्रभू यायचाय अजून."

"बातमी आलीय ना?" वहिनी म्हणाल्या. "मग तिने आणखी का थांबायचं?"

आणि त्या मुलाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जाळी सहज निघाली नाही. ती वेणीत गुंतली होती, फणीत अडकली होती, मानेपाशी जुन्या पिठाने घट्ट झाली होती. रोसेन्दोने ती चेनची गाठ सोडवतात तशी सोडवली, बोटांच्या टोकांनी, ओठ दातांत धरून. शेवटी आली. तिच्याबरोबर कोंबडीचं एक पीसही आलं. वहिनींचा चेहरा विटेखाली उगवलेल्या गवतासारखा फिकट झाला होता. मी तो विसरलो होतो. आम्ही सगळेच विसरलो होतो.

त्यांनी पापण्या हलवल्या.

"धुकं आहे का रे?"

"आहे, आई. फार आहे."

"बरं झालं. मला वाटलं माझेच डोळे."

तेवढ्यात प्रभूची पालखी धुक्यातून आली आणि आईला आधीच उघड्या चेहऱ्याने उभी बघून भांबावली. पुढच्यांना लवायचं की नाही कळेना. शेवटी आलोच आहोत म्हणून तीनदा लवले. घंटा उशिरा वाजल्या. फटाके ओले झाले होते. रोसेन्दो लवला नाही. त्याने जाळीची घडी घातली, आणि ती कुठे ठेवायची हे कुणालाच माहीत नसल्यामुळे खिशात ठेवली.

मग्दालिया म्हणून निघालेली लुसिया त्या गडबडीत गल्लीच्या तोंडाशीच राहिली. दुपारी तिला परत नेऊन वेदीवर ठेवली आणि बरणी काढली.

मंगळवारी डॉक्टरांनी एक डोळा केला. दुसरा पुढच्या खेपेला. आम्ही तिघं इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो, मधे वहिनी, डोळ्याला पट्टी. रोसेन्दोने वेळ जावा म्हणून पुस्तक काढलं. वहिनी म्हणाल्या, ते घरी येण्याचं वाच. त्याने वाचलं. पुन्हा वाच म्हणाल्या. त्याने पुन्हा वाचलं, बोट न लावता.

"आणि तिने त्याला खायला काय दिलं?"

"ते नाही लिहिलेलं, आई."

"पहाटेपासून पळतोय पोरगा. रात्रीचा उकडलेला मांदिओकाचा कंद असणार घरात. तोच दिला असेल, गरम करून."

"असेल. पण लिहिलेलं नाही."

"मग लिही."

"मला नाही लिहिता येत त्यात. कुणालाच नाही."

वहिनी विचारात पडल्या. शेजारच्या खोलीत कुणाला तरी शिंक आली. "बरं, लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "सांग नुसतं."

रोसेन्दोने तिची पट्टी नीट केली. पुढच्या रविवारी मी बसथांब्यावर उभा होतो, आणि पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू येतं. तो हेच पान सांगत होता. शिष्य घरी आला, रोसेन्दो म्हणाला, तेव्हा तो पहाटेपासून पळत होता. मग बोलता बोलता थांबला. इतका वेळ थांबला की माझी बस येऊन गेली. आणि त्याला भूक लागलेली असणार, तो म्हणाला, आणि पुढचं वचन वाचायला लागला.